रिव्हनची वाट

मिस्ट हा खेळ संपतो तेव्हा फारसं काही घडत नाही. जयजयकार होत नाही, नावांची यादीही पडद्यावरून सरकत नाही. अॅट्रस नावाचा एक गृहस्थ आपले आभार मानतो, बेटावर हवं तिथं हिंडायची मुभा देतो, मुलांपेक्षा कितीतरी मोठ्या शत्रूशी आपली गाठ आहे आणि कदाचित पुढे मदत लागेल असं जाता जाता सुचवतो, आणि पुन्हा मान खाली घालून लिहायला लागतो. आपण त्याच्या टेबलासमोर उभे. बेट तसंच, समुद्राचा आवाज तसाच. दादानं आणि मी १९९६च्या उन्हाळ्यात वडोदऱ्याच्या आमच्या घरी हा शेवट गाठला तेव्हा दादा म्हणाला होता, "हा माणूस आपल्याला बसवून ठेवतोय."

त्यानं बसवून ठेवलेले आम्ही दोघेच नव्हतो. रिव्हन या उत्तरार्धाची जगभर चार वर्षं वाट पाहिली गेली. ते वाट पाहणं कसं होतं आणि खेळ आल्यावर त्याच्याविषयी काय लिहिलं गेलं, हे गेली दोन वर्षं मी फावल्या वेळात शोधून वाचते आहे. खेळांचा इतिहास लिहिताना परीक्षणं हाताशी येतात, कारण ती छापलेली असतात. खेळणाऱ्यांच्या वह्या हाती येत नाहीत. आमच्या घरात एक आहे, म्हणून हा लेख.

मिस्ट १९९३च्या सप्टेंबरात मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी आला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहराजवळ सायन नावाची छोटी कंपनी होती, ती रँड आणि रॉबिन मिलर या भावांची. त्याआधी त्यांनी 'द मॅनहोल', 'कॉस्मिक ऑस्मो' अशी लहान मुलांसाठीची कामं केली होती, ज्यांत हरायचं-जिंकायचं काही नसे, नुसतं इथं-तिथं क्लिक करून हिंडायचं. मोठ्यांसाठी काही करायचं ठरल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नाही. मिस्टमध्ये मरण नाही, घड्याळ नाही, शत्रू अंगावर येत नाही. सुमारे अडीच हजार स्थिर चित्रं, एकामागून एक. चित्राची खिडकी ५४४ बाय ३३२ ठिपक्यांची, म्हणजे आजच्या फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यात मावेल एवढी. कल्पनेचं एक मूळ ज्यूल व्हर्नच्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये होतं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नवर वाढलेल्या आम्हा भावंडांना त्या बेटावर परकं वाटलं नाही, याचं कारण बहुधा हेच.

हा खेळ खपला, आणि असा खपला की २००२मध्ये 'द सिम्स'नं मागे टाकेपर्यंत सर्वाधिक विकलेला पीसीवरचा खेळ तोच होता. ६० लाखांवर प्रती. पण हा आकडा थोडा संशयानं वाचायला हवा. त्या वर्षांत लोक घरी पहिल्यांदाच सीडी ड्राइव्ह घेत होते आणि पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं असायचं. नवा टीव्ही आला की गालिचा बदलावा तसा कित्येक घरांत मिस्ट आला. त्यातले बरेच जण पहिल्या बेटाच्या पुढे गेलेच नसावेत असा माझा अंदाज आहे. पण ज्यांनी आयुष्यात कधी कॉम्प्युटर गेम हातात धरला नव्हता असे लोक, आया, आजोबा, प्राध्यापक, या खेळापाशी थांबले. आणि नेमके याच कारणासाठी नेहमीचे खेळाडू त्याच्यावर चिडले. हा खेळ कसला, स्लाइड शो आहे, हा टोमणा तेव्हापासूनचा.

त्यामुळे रिव्हनची वाट पाहणारे एका जातीचे नव्हते. ब्रॉडरबंड या प्रकाशक कंपनीला पुन्हा तसाच खप हवा होता. खेळाडूंना अॅट्रसचा शत्रू कोण ते हवं होतं. आणि तिसरी एक मंडळी होती, तिला पुरावा हवा होता. १९९४च्या डिसेंबरात 'द न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये एडवर्ड रॉथस्टाइन या संगीतसमीक्षकानं मिस्टवर लिहिलं आणि यातून एक नवी कला जन्माला येऊ शकेल असा सूर लावला. त्याच वर्षी 'वायर्ड' मासिकानं मिलर भावांवर मोठा लेख केला. 'येऊ शकेल' म्हटलं की पुढच्या कामावर केवढं ओझं पडतं! पुढचं काम चांगलं निघून भागणार नव्हतं, त्यानं एका अख्ख्या प्रकाराच्या वतीनं साक्ष द्यायची होती. मधल्या काळात कादंबऱ्या आल्या. 'द बुक ऑफ अॅट्रस' १९९५ची, मिलर बंधू आणि डेव्हिड विंग्रोव्ह यांची. विडंबनही आलं, 'पिस्ट' नावाचं, ज्यात तेच बेट लाखो पर्यटकांनी कचरा करून टाकलेलं दिसतं. उत्तरार्ध येण्याआधी विडंबन येतं यावरूनच हवेचा अंदाज यावा.

सायनमध्ये मात्र काम हळूहळू चाललं होतं. डिस्नेच्या 'अलादीन'वर काम केलेला रिचर्ड व्हँडर वेंडे हा कलावंत येऊन मिळाला आणि रॉबिन मिलरबरोबर रिव्हनची रचना करू लागला. पहिला खेळ साध्या मॅकवर रचला होता. आता सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी यंत्रं आली. भिंतींना, दारांना, लाकडाला खरा पोत हवा म्हणून ही मंडळी न्यू मेक्सिकोतल्या सांता फे गावी गेली आणि मातीच्या भिंतींचे, जुन्या लाकडांचे हजारो फोटो काढून आली. रिव्हनमधल्या एखाद्या दाराजवळ गेलं की गंज हाताला लागेल असं वाटतं, ते यामुळे. चार वर्षांनी, १९९७च्या ऑक्टोबरच्या शेवटी, खेळ बाहेर आला तो ५ सीडींवर. खिडकी थोडी मोठी झाली होती, ६०८ बाय ३९२. वाट पाहणाऱ्याला ही वाढ पुरते की नाही, हा प्रश्न वेगळा.

लगेच आलेली परीक्षणं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. जवळजवळ प्रत्येकजण आधी चित्रांबद्दल बोलतो. इतकं सुंदर काही कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं नव्हतं, ध्वनी अप्रतिम, रॉबिन मिलरचं संगीत अंगावर येत नाही पण सोडतही नाही. हे सगळं खरंच आहे. मग तक्रारी येतात. हात लावण्यासारख्या वस्तू कमी, माणसं दिसतात आणि पळून जातात, कोडी फार अवघड, सारख्या सीडी बदलाव्या लागतात, आणि शेवटी ही स्थिर चित्रंच आहेत. ही शेवटची तक्रार समजण्यासारखी आहे. त्याच काळात 'क्वेक' आणि 'टूम रेडर' यांसारख्या खेळांत माणूस मान वळवील तिकडे जग वळू लागलं होतं. रिव्हनमध्ये मान वळवायची म्हणजे क्लिक करून पुढच्या चित्राची वाट पाहायची. 'सलॉन' या तेव्हा नव्याच असलेल्या इंटरनेटवरच्या नियतकालिकात लॉरा मिलर या साहित्यसमीक्षिकेनं मात्र कलेचा शब्द न बिचकता वापरला आणि खेळाच्या रचनेची तुलना कसबीनं बांधलेल्या कादंबरीशी केली. म्हणजे साक्ष नोंदवली गेली. एकमत झालं नाही, पण नोंद झाली. प्रतीही भरपूर खपल्या, काही वर्षांत ४० लाखांहून अधिक. तरी मिस्टच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर हा आकडा धाकट्या भावासारखा दिसतो, आणि अनेकांनी तो तसाच वाचला.

माझं भांडण कौलाशी नाही. त्या परीक्षणांत काय नाही, याच्याशी आहे.

रिव्हन ही ५ बेटं आहेत. तिथं गेन राज्य करतो, अॅट्रसचा बाप. पुस्तकात वर्णन लिहिलं की त्या जगात जाता येतं, या विद्येच्या जोरावर तो तिथल्या लोकांचा देव होऊन बसला आहे. त्याला नवी पुस्तकं हवीत, पुस्तकांना कागद हवा, कागदाला लाकूड. म्हणून जंगल तोडलं आहे, एका बेटावर लाकडाचा लगदा शिजवणारा बॉयलर आहे. देवळात त्याची प्रतिमा हवेत मोठी करून दाखवायची सोय आहे. गावकरी वेगळी भाषा बोलतात आणि खेळ ती आपल्याला कधीही उलगडून देत नाही. आपण रस्त्यानं आलो की पोरं दाराआड जातात.

गावात एक शाळा आहे. एकच वर्ग. तिथं एक खेळणं ठेवलं आहे: लाकडी चौकट, वरून दोरीला टांगलेली माणसाची छोटी आकृती आणि खाली आ वासलेला समुद्री प्राणी. कळ फिरवली की एक चिन्ह दिसतं आणि आकृती काही घरं खाली येते. किती घरं खाली आली ते मोजलं की त्या चिन्हाची किंमत कळते. ही गेनच्या लोकांची अंकलिपी आहे आणि तिचा पाया दहा नसून पंचवीस आहे. खेळणं फक्त १ ते १० शिकवतं. पुढचे आपले आपण ताडायचे: एकचं चिन्ह आडवं केलं की पाच, दोनचं आडवं केलं की दहा, पाचावर एक चढवला की सहा. हे लक्षात आलं त्या रात्री दादा एवढ्या मोठ्यानं ओरडला की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

या शाळेशिवाय खेळ पुढे सरकत नाही. मला वाटतं, रिव्हनमधलं सगळ्यात मोठं काम त्या एका खोलीत झालं आहे. आपण अंक शिकतो ते त्या गावच्या पोरांसारखेच शिकतो, राज्यकर्त्याचे अंक, त्यानं दिलेल्या खेळण्यावर, प्रत्येक बेरजेगणिक एक माणूस जबड्याकडे ढकलत. आणि शिकल्याचा आनंदही होतो! इथं कोडं गोष्टीच्या वाटेत आडवं पडलेलं नाही. मिस्टमधली कितीतरी कोडी तशी होती, कुणीतरी उगाच लावलेल्या कुलपांसारखी. रिव्हनमध्ये कुलूप कुणी लावलं, कशासाठी, आणि त्याची किल्ली मुलांना का शिकवली जाते, हे कळणं म्हणजेच कोडं सुटणं. परकी लिपी, परका देव आणि गावातली शाळा ही त्रयी आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. मी वाचलेल्या १९९७च्या परीक्षणांत मात्र त्या शाळेचा असा उल्लेख मला सापडला नाही. खेळणं आलं तर 'अवघड कोडं' म्हणून आलं.

परीक्षणकर्त्यांचा दोष कमी आणि परिस्थितीचा जास्त, हे मान्य. अशा खेळाबद्दल लिहिणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी असते. कोडं कसं सुटतं ते सांगितलं तर वाचकाचा खेळ संपला, आणि न सांगता त्यातलं सौंदर्य दाखवायचं कसं? शिवाय अंकाची तारीख डोक्यावर. रिव्हन महिन्याभरानं उघडायला लागतो आणि परीक्षण त्याआधी हवं असतं. चित्रं मात्र पहिल्या तासात दिसतात. म्हणून चित्रांबद्दल लिहिलं गेलं.

आमच्याकडे वेळच वेळ होता, तोही नाइलाजानं. १९९८मध्ये दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि मी अकरावीत. अस्सल खेळ परवडण्यातला नव्हता. शहरातल्या एका दुकानदाराकडून दादानं नक्कल केलेल्या ५ सीडी आणल्या, त्यातली एक वाचलीच जाईना. एका बेटाकडे निघालं की कॉम्प्युटर ती सीडी मागायचा आणि ड्राइव्ह घरघरत राहायचा. दुकानदारानं बदलून द्यायला साफ नकार दिला. आणि ते बेट कोणतं, तर नकाशांचं. बाकीच्या बेटांची उंचसखल रूपं तिथं पाण्यातून वर उचलून दाखवली जातात. ती पाहिल्याशिवाय खेळातलं सर्वांत मोठं कोडं सुटत नाही: २५ बाय २५ घरांच्या जाळीवर रंगीत गोट्या नेमक्या जागी ठेवायच्या. घरं ६२५. गोट्या ६, लागतात ५. अंदाजपंचे कुणालाही जमणार नाही.

दादानं हार मानली नाही. गणिताची चौकटींची वही घेतली, त्यात २५ बाय २५चा चौकोन आखला आणि बाकीच्या बेटांवर पावलं मोजत, म्हणजे क्लिक मोजत, घुमट कुठे असतील ते तो ताडू लागला. वहीत बीटलचे, माशाचे, बेडकाचे आकार आहेत, समोर आवाजांची वर्णनं: 'कौलावर पाऊस', 'म्हातारा घोरतो'. त्या दिवसांत दूरदर्शनवरची 'चंद्रकांता' मालिका सगळ्यांच्या डोक्यात होती, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरात 'तिलिस्म' लिहिलं. ते अगदीच गमतीचं नव्हतं. देवकीनंदन खत्रींच्या कादंबरीतही यंत्रांची दारं असतात, ती उघडायला पुस्तकच लागतं, आणि तिचाही उत्तरार्ध, 'चंद्रकांता संतति', मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी पसरलेला आहे. कोड्यांच्या गोष्टीला उत्तरार्ध लागतो आणि तो जास्त गुंतागुंतीचा होतो, हे हिंदी वाचकाला स्पोकॅनच्या शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

वर्षभर आम्ही ती जाळी भरत होतो. मग दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. २००० साली न्यू जर्सीचा मामेभाऊ आला, त्यानं अस्सल संच आणला. मिस्टही त्यानंच आणला होता. मी ते बेट एका दुपारी पाहिलं, तीन दिवसांत गोट्या लावल्या, आठवड्यात खेळ संपवला. आणि रात्री दहानंतर एसटीडीचे दर उतरल्यावर दादाला फोन लावून, मोठ्या उत्साहात, कुठली गोटी कुठल्या घरात ते पाचही आकड्यांसकट सांगितलं. त्याचे तीन अंदाज बरोबर निघाले होते, हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "सांगायला नको होतंस गं." त्यानंतर रिव्हन हा विषय आमच्या बोलण्यात आला नाही. वही माझ्याकडे राहिली.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. रॉबिन मिलर रिव्हननंतर सायन सोडून गेला. ब्रॉडरबंड १९९८मध्ये विकली गेली. तिसरा भाग, 'एक्झाइल', २००१मध्ये दुसऱ्याच कंपनीनं केला आणि तो देखणा होता, इतकंच म्हणेन. अशा संथ खेळांचा काळ संपला असं सगळीकडे लिहून आलं, आणि त्याला मिस्टच जबाबदार असंही. २०१२मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आपल्या संग्रहासाठी पहिले १४ व्हिडिओ गेम निवडले, त्यांत मिस्ट होता. रिव्हन नव्हता. माझ्या मते उलट व्हायला हवं होतं, पण संग्रहालयं पहिल्याला मान देतात, उत्तरार्धाला नाही.

रिव्हनला दुसरं आयुष्य दिलं ते खेळणाऱ्यांनी. 'स्टारी एक्सपान्स' नावाखाली काही चाहत्यांनी तो खेळ मान वळवता येईल अशा जगात पुन्हा उभा करायचं काम वर्षानुवर्षं फुकट केलं, आणि पुढे ते सायननंच हाती घेतलं. २०२४च्या जूनमध्ये नवा रिव्हन आला. या वेळी परीक्षणांत कोड्यांबद्दल, त्या समाजाबद्दल, गेनच्या राज्याबद्दल भरभरून लिहिलेलं दिसलं. सत्तावीस वर्षांची मुदत मिळाली की परीक्षण वेगळं होतं! जुन्या लोकांत वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. सायननं काही कोडी बदलली होती. प्राण्यांचं कोडं बदललं, आणि गोट्यांचंही. जुनी उत्तरं चालत नाहीत. कित्येकांना हा मूळ कृतीशी द्रोह वाटला. ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना कुणी शेवट बदलतं का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि अभ्यासक म्हणून मी त्यांच्या बाजूनं उभी राहायला हवं.

मी राहिले नाही. कोडी बदलल्याचं वाचलं त्याच दिवशी मी खेळ विकत घेऊन दादाला पाठवला आणि वही कुरिअरनं पुण्याला धाडली. ती आता काही कामाची नाही, हेही लिहिलं. दोन दिवसांनी वहीच्या एका कोऱ्या पानाचा फोटो आला. त्यावर नव्यानं आखलेली जाळी होती, हात थोडा थरथरलेला. खाली मेसेज होता: "तू खेळून झाली असलीस तरी मी सांगेपर्यंत फोन करू नकोस."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. परवा आईच्या औषधांविषयी बोलायला त्याचा फोन आला होता. ठेवता ठेवता म्हणाला, "शाळेपर्यंत पोचलोय. बाकी काही विचारू नकोस."